चवरी आणि चमरी

गतवर्षी गणेशोत्सवापूर्वी आमच्या येथील मराठी मंडळींनी पूजासाहित्याची यादी केली आणि ते जोहरी बाजारातून आणण्याचे काम नेहमीप्रमाणे माझ्याकडे आले. कारकुनाच्या हाती यादी दिली म्हणजे एकही नग सुटायचा नाही, असा मंडळींचा समज आहे. तो खोटा ठरू नये एवढी काळजी मी घेतो. यादीच्या शेवटी 'चवरी – एक' असे लिहिलेले होते. जुनी चवरी झडून झडून चिमूटभर उरली होती. सुट्टीचा दिवस असल्यामुळे शेजारच्या बिऱ्हाडातली नऊदहा वर्षांची मुलगी माझ्याबरोबर आली होती. दुकानदाराने दोन चवऱ्या समोर ठेवल्या आणि विचारले, "असली दूँ या नायलॉन की?" नायलॉनची शुभ्र, चकचकीत आणि सगळी एकसारखी होती. असली किंचित पिवळसर होती. तिचे केस हाताला राठ लागत होते.

"काका, असली म्हणजे कशाची?" मुलीने विचारले.

"याकच्या शेपटीची."

"मग ती काढताना त्याला दुखत असेल ना?"

मी दुकानदाराकडे पाहिले. तो हसून म्हणाला, "यह तो ऊपर से आता है, साहब."

त्याच्या उत्तराने मी चपापलो. 'वरून आले आहे' हे वाक्य कचेरीत मी स्वतः कित्येकांना ऐकवीत आलो आहे. त्या वाक्यात एक मोठी सोय असते. ते ऐकणाऱ्याचे समाधान होत नाही, परंतु त्याचे विचारणे थांबते. त्या मुलीचे विचारणे मात्र थांबले नाही, आणि खरे सांगायचे तर माझेही नाही. तिच्या प्रश्नाचा अर्धा भाग सोपा होता. शेपटीचे केस कातरताना जनावराला काही इजा होत नाही, आणि मेलेल्या जनावराचे शेपूट काढून घेतले तर दुखण्याचा प्रश्नच उरत नाही. दुसरा भाग अवघड आहे. ज्याच्या शेपटीला आपण देवाच्या आणि राजाच्या मस्तकाजवळ जागा दिली, त्या जनावराचे आपण काही देणे लागतो काय? लागत असू, तर ते कोणते?

चमरी हा संस्कृत शब्द. चमरीचे ते चामर, आणि चामराची मराठीत झाली चवरी. छत्र आणि चामर ही सार्वभौमत्वाची चिन्हे आपल्याकडे प्राचीन काळापासून मानली गेली आहेत. पाटण्याजवळ दिदारगंज येथे १९१७ साली सापडलेल्या सुप्रसिद्ध यक्षीच्या उजव्या हातात चवरीच आहे. जैनांच्या अष्टप्रातिहार्यांत चामराची गणना होते; शिखांच्या गुरुद्वारात ग्रंथसाहेबांवर चवरी ढाळली जाते; आपल्या आरत्यांत ती असते. परस्परांशी वाद घालणाऱ्या पंथांचे या एका शेपटीविषयी मात्र एकमत आहे.

काव्यातही चमरीला असेच मानाचे स्थान आहे. कालिदासाने 'कुमारसंभवा'च्या आरंभी हिमालयाचे जे वर्णन केले आहे, त्यात चमरी आपली पांढरी पुच्छे हलवून त्या पर्वताचे 'गिरिराज' हे नाव सार्थ करतात. कल्पना मोठी रम्य आहे. परंतु आपल्या परंपरेत चमरीविषयी एक विलक्षण समजूतही चालत आली आहे. ती अशी की, चमरीचे आपल्या शेपटीवर इतके प्रेम असते की शेपटीचा केस झुडपात अडकला तर तो तुटू नये म्हणून ती तिथेच उभी राहते. प्रसंगी प्राण देते, पण केस तुटू देत नाही. या एका समजुतीतून बौद्ध वाङ्मयाने दोन परस्परविरोधी बोध काढले आहेत. पाचव्या शतकातील बुद्धघोषाच्या 'विसुद्धिमग्गा'त भिक्षूने चमरी पुच्छ जपते तसे आपले शील जपावे, असे सांगितले आहे. उलट 'सद्धर्मपुंडरीक' सूत्रात विषयांना चिकटून राहिलेल्या मूढ जनांना शेपटीवर लुब्ध झालेल्या चमरीची उपमा दिली आहे. एका ग्रंथात जी निष्ठा ठरली, तीच दुसऱ्यात आसक्ती ठरली.

या दोन्ही ग्रंथकारांशी वाद घालण्याची माझी योग्यता नाही. परंतु एक गोष्ट लक्षात आल्यावाचून राहत नाही. शीलाचा दृष्टांत म्हणून असो की मोहाचा, त्या वर्णनात चमरी कोठेच नाही. खऱ्या याकची शेपटी माशा वारण्यासाठी असते. आपण त्या जनावराची शेपटी घेतली, आणि शेपटीबरोबर एक तात्पर्यही घेतले; जनावर तिकडेच राहिले.

ते जनावर मी एकदाच पाहिले आहे. २०१८ सालच्या ऑक्टोबरात रजा-प्रवास सवलतीवर आम्ही सिक्कीमला गेलो होतो. गंगटोकहून वर गेल्यावर त्सोमगो नावाचे सरोवर लागते. त्याची उंची सुमारे पावणेचार हजार मीटर आहे. काठावर शिंगांना रंगीत लोकर गुंडाळलेले, पाठीवर झूल घातलेले याक प्रवाशांसाठी उभे असतात. पैसे देऊन मीही एकाच्या पाठीवर बसलो आणि फोटो काढून घेतला. पन्नास पावले चालून माझी छाती भात्यासारखी चालली होती आणि माझ्याखालचा तो प्राणी मात्र डोळे अर्धवट मिटून शांतपणे उभा होता. त्या फोटोत मी हसतो आहे. पुढे जे कळले त्यामुळे तो फोटो मी पुन्हा फारसा पाहिलेला नाही. पण ते पुढे सांगेन.

तो शांत का होता आणि मी का धापा टाकीत होतो, हे समजून घेण्यासारखे आहे. उंचीवर प्राणवायूचे हवेतील प्रमाण बदलत नाही, दाब उतरतो. साडेपाच हजार मीटरांच्या सुमारास तो समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो आणि प्रत्येक श्वासाबरोबर मिळणारा प्राणवायूही त्याच हिशेबाने घटतो. मैदानातला माणूस वर गेला की त्याचे शरीर तडजोडी करू लागते. श्वास वाढतो, आणि काही आठवड्यांत तांबड्या पेशी वाढून रक्त दाट होते. मैदानी गाय तितक्या उंचीवर नेली तर तिच्या फुप्फुसातील रक्तवाहिन्या आकुंचित होतात. फुप्फुसाच्या एखाद्या कोपऱ्यात हवा पोहोचली नाही तर तेथील रक्त दुसरीकडे वळवावे, यासाठी निसर्गाने ही युक्ती योजलेली असते. परंतु सर्वत्रच प्राणवायू कमी असला की सर्वच वाहिन्या आवळल्या जातात, हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येतो, आणि गायीच्या छातीखाली पाणी साठून ती दगावते. अमेरिकेतील कोलोराडोच्या डोंगराळ कुरणांत हा रोग शंभर वर्षांहून अधिक काळ परिचित आहे. याकच्या फुप्फुसातील वाहिन्या पातळ भिंतीच्या असतात आणि त्या अशा आवळत नाहीत. त्याचे हृदय आणि फुप्फुसे देहाच्या मानाने मोठी असतात. त्याचे रक्त विरळ हवेतूनही प्राणवायू घट्ट धरून ठेवते. अंगावर वरून लांब राठ केस आणि आत मऊ लोकर असल्यामुळे शून्याखाली चाळीस अंशांची थंडी तो सोसतो.

परंतु या सामर्थ्याची दुसरी बाजू अशी की, त्याला खाली येण्याची सोय ठेवलेली नाही. हवेचे तापमान तेरा अंशांच्या वर गेले की त्याचा श्वास वाढू लागतो. वीस अंशांच्या सुमारास तो चरणे सोडून पाण्याजवळ किंवा सावलीत उभा राहतो. जयपूरची उंची सव्वाचारशे मीटरांच्या किंचित वर, आणि येथील जेठातला उन्हाळा आपणांस ठाऊकच आहे. म्हणजे याकची शेपटी जयपूरला येऊ शकते. याक येऊ शकत नाही.

उंचीवर जगणारा तो काही एकटाच सस्तन प्राणी नव्हे. चिली आणि अर्जेंटिना यांच्या सीमेवरील यूयाइयाको या ज्वालामुखीच्या माथ्यावर, ६,७३९ मीटरांवर, २०२० साली संशोधकांना एक जिवंत उंदीर आढळला. याहून उंचावर दुसरा कोणताही सस्तन प्राणी सापडल्याची नोंद नाही. तिबेटच्या पठारावर पिका नावाचा सशाच्या कुळातील, मुठीत मावेल एवढा प्राणी आहे. हिवाळ्यात गवत संपले की तो आपली शक्ती जपून खर्च करतो आणि चक्क याकचे शेण खाऊन दिवस काढतो, असे २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. त्या पठारावर झाडे नाहीत. तेव्हा माणसाच्या चुलीत जळते तेही याकचे शेणच. त्याचे दूध, त्या दुधाची छुर्पी, केसांचे तंबू, पाठीवरचे ओझे, आणि अखेरीस त्याचे मांस या सर्वांवर तेथील माणूस उभा आहे. आपल्याकडे गाईला जे स्थान आहे, त्याहून तेथे याकचे स्थान एका अर्थी अधिक मोठे म्हणावे लागेल, कारण तेथे गाईला पर्याय आहे आणि याकला नाही.

आता हा याक दोन प्रकारचा आहे, आणि माझ्या प्रश्नाचे मूळ येथेच आहे. एक पाळीव आणि दुसरा रानटी. रानटी नर खांद्याशी दोन मीटरांपर्यंत उंच आणि हजार किलोपर्यंत वजनाचा असतो. पाळीव नर बहुधा त्याच्या निम्म्यानेही भरत नाही. लिनीअसने १७६६ साली पाळीव याकचे नामकरण केले ते 'घुरघुरणारा बैल' या अर्थाच्या लॅटिन नावाने. रानटी याकचे नामकरण प्रझेवाल्स्कीने १८८३ साली केले, आणि त्याला नाव दिले 'मुका बैल'. जो माणसाच्या आश्रयाला आला तो कुरकुरतो, आणि जो आला नाही तो मुका राहतो, हे वाचून मला आमची कचेरी आठवली याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. पाळीव याकांची जगातील संख्या दीड कोटीच्या आसपास आहे. रानटी प्रौढ याक दहा हजारांहूनही कमी उरले असावेत, असा आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाचा अंदाज आहे. आपल्या देशात लडाखच्या चांगचेन्मो खोऱ्यात त्यांची थोडीशी वस्ती आहे. कायद्याच्या दृष्टीने तर हे दोन निराळेच प्राणी आहेत. एक १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि दुसरा पशुगणनेच्या तक्त्यात. एकाच रक्ताच्या दोन भावांच्या फायली दोन खात्यांत फिरत आहेत.

यांपैकी कोणाचे बरे झाले, असा प्रश्न सहज मनात येतो. रानटी याकने आकार राखला, स्वातंत्र्य राखले, आणि संख्या गमावली. पाळीव याकने आकार गमावला आणि संख्या मिळवली. जिवांच्या संख्येलाच यश मानणारे म्हणतील की पाळीव याकचा व्यवहार फायद्याचा ठरला. मला हा हिशेब पटत नाही, कारण त्यात याकने व्यवहार केला असे गृहीत धरले आहे. त्याने काहीच केले नाही. जे केले ते आपण केले. आणि आपण काय केले ते सांगण्यासाठी आपल्या भाषेत फार चांगला शब्द आहे, 'पाळणे'.

आपण गाय पाळतो, आणि शब्दही पाळतो. व्रत पाळतो, पथ्य पाळतो, वेळ पाळतो. इकडच्या बोलण्यात जनावर 'पालतात' आणि वचन 'निभावतात'. मराठी माणूस दोन्हीकडे एकच क्रियापद वापरतो. परप्रांतात राहून आपल्या भाषेकडे थोडे लांबून पाहता येते, तेव्हा अशा गोष्टी नजरेस येतात. हा केवळ शब्दांचा योगायोग आहे असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. व्रत पाळणे म्हणजे रोज पाळणे. ते घेताना मोठा समारंभ असतो, परंतु त्याची परीक्षा समारंभाच्या दिवशी होत नाही. जनावराचेही तेच. त्याला जवळ केले, त्याच्या पिढ्या आपल्या सोयीप्रमाणे घडविल्या, त्याला आपल्यावाचून जगणे अवघड करून ठेवले. हे सर्व म्हणजे न उच्चारलेला एक शब्दच होय, आणि तो दिल्यानंतर पाळावा लागतो.

यावर कोणी आक्षेप घेईल की, शब्द द्यायला समोर घेणारा लागतो. याकने तो कुठे घेतला? परंतु 'पाळणा' हाही याच घराण्यातला शब्द आहे. पाळण्यातले मूल तरी कोणता करार करते? ज्याला आपण परावलंबी केले, त्याच्या संमतीचा प्रश्न आपण मागेच टाकून आलेलो असतो. पुढे उरते ती केवळ आपली जबाबदारी. रानटी याकचे ऋण निराळे आहे. त्याच्या वाटेस न जाणे, त्याची कुरणे त्याला सोडणे, आपल्या कळपातले रोग त्याच्यापर्यंत जाऊ न देणे, एवढ्याने ते फिटते. पाळीव याकच्या बाबतीत 'त्याच्या वाटेस न जाणे' हीच सर्वांत मोठी वचनभंगाची रीत आहे.

आता तो फोटो. आम्ही सिक्कीमहून परतल्यानंतर दोनच महिन्यांत, २०१८ च्या डिसेंबरात, उत्तर सिक्कीममध्ये विलक्षण बर्फ पडले आणि ते पुढे महिनोन् महिने राहिले. मुगुथांगच्या उंच खोऱ्यात पाळीव याकांचे कळप अडकून पडले. वाटा बंद झाल्या. चारा वेळेवर पोहोचला नाही. मे महिन्यात बर्फ उतरल्यावर पाहणारे पोहोचले, तेव्हा किमान तीनशे याक उपासमारीने मेलेले आढळले. जयपुरात चाळीस अंशांच्या उन्हात ती बातमी मी वाचली. जो प्राणी शून्याखाली चाळीस अंशांत जगतो तो थंडीने मेला नव्हता. भुकेने मेला होता. पूर्वी असा हिवाळा आला की कळप सीमेपलीकडच्या तिबेटी कुरणांकडे वळत. १९६२ च्या युद्धानंतर ती वाट मिटली. त्याच सीमेमुळे तिकडचे ताजे रक्तही इकडच्या कळपांना मिळेनासे झाले आणि जवळच्या नात्यातील पैदाशीने वंश दुबळा होत चालला. चीनमधील चिंगहाय प्रांतात रानटी नराच्या संकरातून दातोंग नावाची सुदृढ जात तयार केली आहे. म्हणजे ज्याने माणसाला जवळ केले नाही, त्याच्याच रक्ताने पाळीव वंशाला बळ द्यावे लागते. सीमा कोठे असावी हे याकला विचारून ठरत नाही, ते ठरविणे भागच होते, हे मी जाणतो. मात्र सीमा आखताना ज्याची वाट आपण बंद केली, त्याच्या हिवाळ्याचा भार त्या दिवसापासून आपल्यावर आला, हेही नाकारता येत नाही. २०१२ च्या पशुगणनेत आपल्या देशात ७७,००० याक होते. २०१९ मध्ये ते ५८,००० उरले.

घटत्या संख्येवर उपाय काय, या प्रश्नावर दोन टोकांची उत्तरे आपल्या डोळ्यांसमोर आहेत आणि त्यांतले एक तर आपल्या या राजस्थानातलेच आहे. येथे राज्यपशू दोन आहेत, रानातला चिंकारा आणि घरातला उंट. उंटाला हा मान २०१४ साली मिळाला. २०१५ साली कायदा होऊन त्याच्या कत्तलीस बंदी झाली आणि त्याला राज्याबाहेर नेण्यावर निर्बंध आले. हेतू चांगला होता. परंतु २०१२ साली राजस्थानात ३ लाख २६ हजार उंट होते, ते २०१९ मध्ये २ लाख १३ हजार झाले. उतार कायद्यापूर्वीच लागला होता. ट्रॅक्टर आणि रस्ते यांनी उंटाचे काम नेले होते आणि चराईच्या जमिनी आक्रसत होत्या. पण कायद्यानंतर पुष्करच्या बाजारात नर उंटांना गिऱ्हाईक मिळेनासे झाले, आणि पिढ्यान् पिढ्या उंट पाळणाऱ्या रायका लोकांपुढे, ज्याला विकता येत नाही त्याला खाऊ काय घालावे, हा प्रश्न उभा राहिला. दुसरे उत्तर याकच्या बाबतीत दिले गेले. अरुणाचल प्रदेशातील दिरांग येथे १९८९ पासून राष्ट्रीय याक संशोधन केंद्र आहे. त्याच्या प्रस्तावावरून २०२२ साली अन्न सुरक्षा प्राधिकरणाने हिमालयीन याकला 'अन्न देणारा प्राणी' म्हणून मान्यता दिली. त्याचे दूध आणि मांस यांना रीतसर बाजार मिळाला तर पाळणारा तो पाळील, हा त्यामागचा विचार. एकाला जगविण्यासाठी त्याला मारणे बंद केले, आणि दुसऱ्याला जगविण्यासाठी त्याला खाणे मान्य केले!

आपल्यापैकी अनेकांचे मन पहिल्या उत्तराकडे ओढ घेईल, माझेही घेते. ज्याला पाळले त्याला खाणे हा विश्वासघात वाटतो, आणि ती भावना मी खोटी म्हणणार नाही. तथापि मुगुथांगच्या त्या गुराख्याचा विचार मनात आणला म्हणजे ती भावना उच्चारताना जीभ अडखळते. तो वर्षभर त्या जनावराबरोबर थंडीवाऱ्यात राहतो, त्याच्या वासरांना रात्री जागून राखतो, आणि अखेर त्यांतले एखादे खातो. मी त्याला कधी मारीत नाही, खात नाही, आणि त्याचे काय होते हे विचारीतही नाही. वर्षातून दहा दिवस त्याच्या शेपटीने देवाला वारा घालतो. आम्हा दोघांत शब्द पाळणारा कोण? अहिंसेचे पुण्य मला अंतराने दिले आहे, आचरणाने नव्हे. केवळ मान दिल्याने जनावर जगत नाही, हे उंटाने दाखविले. केवळ उपयोगावर सोपविले, तर उपयोग संपेल त्या दिवशी तेही संपेल, हेही तितकेच उघड आहे. या दोहोंच्या मध्ये जे उरते ते पाळणे, म्हणजे मान असो वा नसो, उपयोग असो वा नसो, हिवाळ्यात चारा पोहोचविणे.

हे आपणांसारख्या नोकरदार माणसांना तरी अधिक समजावे. एका परीने आपणही पाळीवच आहोत. वेतन, क्वार्टर, निवृत्तिवेतन यांच्या आश्वासनावर आपण आपली रानवाट सोडली, आणि वरून हुकूम येईल त्या गावी जाऊन राहिलो. मैदानातल्या माणसाचे रक्त डोंगरावर दाट होते तसे आपलेही झाले असेल. आपण रुळलो, जन्मजात तिथले झालो नाही. या जिण्यात नोकराला कष्टांचे भय नसते. आपण कोठल्या तरी दूरच्या ठाण्यावर आहोत हे विसरले जाईल, याचे भय असते. ज्यांना हे भय आतून ठाऊक आहे, त्यांनी तरी 'ते वरून येते' एवढ्यावर थांबू नये. शिवाय आपल्या वाचकांत कोणी पशुसंवर्धनात आहेत, कोणी सीमेवरच्या रस्त्यांच्या कामात, कोणी हिशेब खात्यात. चाऱ्याची, कुरणाची, बर्फ हटविण्याच्या यंत्राची एखादी फाइल यांपैकी कोणाच्या तरी टेबलावरून जातच असेल. ती डिसेंबरपूर्वी गेली की डिसेंबरनंतर, यात एका कळपाचे जगणे-मरणे असू शकते. कारकुनाच्या हातात फार मोठे पुण्य नसते. वेळ पाळणे मात्र असते.

त्या दिवशी मी असली चवरी घेतली. नायलॉनची घेतली असती तर मन कदाचित हलके झाले असते. परंतु तिने याकचा एखादा हिवाळाही सुसह्य झाला नसता; माझा त्याच्याशी उरलेला एकुलता एक धागा तेवढा तुटला असता. घरी येताना मुलीने पुन्हा तोच प्रश्न विचारला. मी तिला सांगितले, "केस काढताना दुखत नाही. पण थंडीत त्याला खायला मिळते की नाही, ते मला ठाऊक नाही. ते विचारायला हवे होते."

"मग विचारा ना," ती म्हणाली.

उत्सवाच्या पहिल्या संध्याकाळी आरतीला चवरी माझ्या हाती आली. ते राठ केस हलले तसा एक मंद, ओळखू न येणारा वास आला. धूप-कापरात तो लगेच मिसळून गेला. आरती संपल्यावर चवरी कपाटात ठेवताना, यादीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी मुगुथांगचे नाव लिहून ठेवले. दर नोव्हेंबरात त्या खोऱ्यात चारा पोहोचला का, एवढे तरी पत्र पाठवून विचारायचे, असे ठरविले आहे. व्रत लहान आहे. पाळले जाते की नाही, ते हिवाळ्यात कळेल.